ताईचं पर्सिमन आणि माझं पातं

मित्रांनो, मी खुरपं. जुनं आहे, पातं झिजलंय, मूठ दोनदा बदललीय. पण धार अजून शाबूत आहे. ती नसती तर बरं झालं असतं, असं हल्ली रोज वाटतं.

लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं आणि ताईने बाजारातून घरी आणलं. ताई दवाखान्यात परिचारिका. तिने अंगणात पर्सिमनचं रोप लावलं. टोमॅटोसारखं दिसणारं, मधासारखं गोड फळ. आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. शेजारीण म्हणायची, "काय गं, टोमॅटोचा वृक्ष करतेस?"

झाडाला सोबत हवी, म्हणून ताईने माझ्याच टोकाने आळ्यात चवळी पेरली, कडेने लसूण आणि झेंडू लावला. चवळी मातीची ओल राखायची, लसणाच्या वासाला कीड बिचकायची. माती उकरताना ताई गुणगुणायची:

"चवळीबाई, पदर धर गं मातीवरी,
बाळ माझं कोवळं, ऊन नको मुळावरी."

पाच वर्षं झाड नुसती पानं हलवत राहिलं. सहाव्या वर्षी अकरा फळं धरली, सुपारीएवढी. ताई कामावर निघताना त्यांना हात लावून जायची.

मग ऐन उन्हाळ्यात तिला आठवडाभर परगावी जावं लागलं. निघताना धाकट्या भावाला म्हणाली, "झाडाच्या आजूबाजूचं तेवढं बघ रे."

भाऊ शिंपी. कापडावर सुटा धागा दिसला की त्याची कात्री चाललीच! त्याने आळं बघितलं. "बाप रे, केवढं माजलंय! ताई येईपर्यंत कसं चकाचक करतो!" म्हणत मला उचललं. चवळी गेली, लसूण गेला, झेंडू गेला. मी खोल रुतलं तेव्हा झाडाची केसासारखी मुळं पात्याखाली तटतट तुटली. मला कळत होतं, पण ओरडणार कसं? आणि हा आपला शीळ घालतोय!

ताई परतली तेव्हा उघड्या मातीला भेगा पडल्या होत्या. अकराही फळं खाली गळाली होती.

"ताई, तूच म्हणालीस ना, बघ म्हणून?"

"बघ म्हणाले रे. हजामत कर असं नाही म्हणाले!"

कुणीच हसलं नाही. ताईने एकेक फळ वेचून ओच्यात घेतलं. भाऊ तिथेच उकिडवा बसून राहिला.

आता झाडाच्या आळ्यात नवी चवळी उगवलीय. भाऊ दर रविवारी येतो, मला हातात धरतो आणि काडीकाडीला विचारतो, "ताई, हे ठेवू?"

"अरे, ते तण आहे, उपट!"

"नक्की?"

ताई वैतागते. मी मात्र वैतागत नाही. मित्रांनो, मला उचलाल तेव्हा तुम्हीही असंच विचारा. मी लोखंडाचं. पेरलेलं कुठलं नि उगवलेलं कुठलं, हे मला कळलं, तरी माझ्याने थांबवत नाही. थांबायचं तुमच्या हाताने.