कोळसा न मिळालेला पट्टा

स्तामेनाने भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या चिमट्याने उचलून पातेल्यात टाकल्या, वर झाकण ठेवलं, आणि तेवढ्यात रालित्सा फाटकातून जवळजवळ धावतच आत आली.

"मावशी, आकडे आले! निम्म्याहून कमी!"

"काय निम्म्याहून कमी?"

"वायू गं. कोळसा घातलेल्या पट्ट्यातून कमीच निघतोय. आणि दुसऱ्या पट्ट्यातून इतका निघतोय, की मला आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं."

कुंपणापलीकडून शेजारच्या ग्रोझ्दानने मान वर काढली. "जमिनीचं पादणं मोजायला पोरगी एवढी शिकली," तो म्हणाला. "माझं मोजायला कधी येतेस?"

"तेवढी मोठी बादली नाही मिळत, काका."

ग्रोझ्दान खो खो हसला. स्तामेना हसली नाही. तिने झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली आणि परत ठेवलं.

वसंतात रालित्साने घरामागच्या द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्या गोळा करून लोखंडी घमेल्यात जाळल्या होत्या. राख व्हायच्या आत पाणी मारून त्यांचा कोळसा केला आणि मिरचीच्या एका पट्ट्यात मिसळला. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. खत पडलं की मातीतून हवा तापवणारा वायू निघतो. कोळशाने तो खरंच आवरतो का, एवढंच तिला पाहायचं होतं. शहरातल्या संस्थेतून ती दर आठवड्याला यायची, दोन्ही पट्ट्यांवर बादल्या उपड्या घालायची आणि आतली हवा नळीने ओढून बाटल्यांत भरायची. सोमवारी हे सगळं संस्थेत मांडायचं होतं. तिची नोकरी पुढे चालणार की नाही, ते त्यावरच होतं.

"यातल्या कशाला हात लावायचा नाही हं, मावशी," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. स्तामेनाने मान डोलावली होती.

पण जून उजाडला आणि कोळशाच्या पट्ट्यातली झाडं काळीभोर दिसायला लागली. शेजारची मात्र फिकटलेली, पोरकी. एकाच्या ताटात सगळं आणि दुसरा नुसता बघत बसलेला. स्तामेनाला ते बघवेना. रालित्साची बस गेली की ती कोंबडीखत भिजवलेलं पाणी डब्याने त्या दुसऱ्या पट्ट्याला घालायची. उन्हाळाभर घातलं. झाडं हिरवी झाली तेव्हा तिला बरं वाटलं, खूप वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

स्तामेना रालित्साच्या बापाची दुसरी बायको होऊन या घरात आली तेव्हा रालित्सा एवढीशी होती, आई गेलेली. मग स्तामेनाला स्वतःचा बोयान झाला. दर नवीन वर्षाला ती बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची भाजणी, करायची आणि पापुद्र्यांत नाणं लपवायची. परात टेबलावर गरगर फिरवायची. थांबेल तेव्हा ज्याच्यापुढे नाणं असलेला तुकडा येईल, त्याचं वर्ष चांगलं. परातीच्या काठाला एक पोचा होता. स्तामेना नाणं बरोबर त्या पोच्याखाली ठेवायची, आणि परात थांबायची ती बोयानपुढे. दरवर्षी. रालित्सा टाळ्या वाजवायची. आता बोयान जर्मनीत होता आणि फोनही करत नव्हता.

"मी पाणी घातलं," स्तामेना म्हणाली.

"कुठे?"

"त्या दुसऱ्याला. कोंबडीखताचं."

रालित्साचं हसू चेहऱ्यावर नुसतंच राहून गेलं. "कधी?"

"तू गेलीस की. दर खेपेला."

ग्रोझ्दानने कुंपणामागे मान खाली घातली आणि कुदळीशी काहीतरी चाळा सुरू केला.

"अगं पण का?" रालित्सा म्हणाली. "दोघांना सारखंच खत दिलं होतं मी. मोजून!"

"त्याला वर कोळसा दिलास. याला काहीच नाही." स्तामेनाचा आवाज फाटला. "मला नाही बघवलं गं. न सांगता सोमवार जाऊ दिला असता, तर कुणाला कळलंही नसतं. पण मी तुझं आधीच खूप खाल्लंय."

रालित्सा वळून शेताकडे गेली. त्या पट्ट्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने स्टूल ओढलं, बाही वर केली आणि मिरच्या सोलायला बसली. शेवटची मिरची सोलून होईपर्यंत ती उठली नाही.

सोमवारी तिने संस्थेत खरं ते सांगितलं. वर्ष फुकट गेलं. नोकरीचं बघू, कळवू, म्हणाले. डिसेंबर सरला तरी कळवलं नाही.

नवीन वर्षाच्या रात्री घरात दोघीच होत्या. स्तामेनाने दुपारीच बानित्सा लावली आणि नाणं त्याच पोच्याखाली ठेवलं. या वर्षी परात कुणापुढे थांबवायची, ते तिने कधीच ठरवलं होतं. गरम परात टेबलावर ठेवून तिने काठाला फडकं लावलं.

"थांब," रालित्सा म्हणाली. "मी फिरवते."

"भाजेल तुला. सवय नाही तुला."

"बघून बघून झालीय."

तिने फडकं घेतलं आणि परात फिरवली. परात फिरली, मंदावली; अगदी शेवटी रालित्साने एका बोटाने तिला जरासं पुढे ढकललं, जसं स्तामेना ढकलायची तसंच.

पोचा स्तामेनापुढे येऊन थांबला.

स्तामेना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सुरी शोधायला म्हणून पाठ वळवली, आणि सुरी तर टेबलावरच होती.

"काप ना, मावशी," रालित्सा म्हणाली. "गार होतंय."