काकांना मर्यादा कशी घालायची?

मित्रांनो, हिंदी मुलखातल्या माधवगंजात आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयामागे एक खोली आहे. तिथे जाळीच्या कपाटात दिवसभर घुमत बसलेला म्हातारा सर्व्हर म्हणजे मी. एका कंपनीने जुना म्हणून काढून टाकला, मंडळाने हौसेने उचलून आणला. खोलीतल्या कॉम्प्युटरांवर कुणी काहीही करो, ते शेवटी माझ्याच पोटात येऊन साठते.

खोली सांभाळते निवेदिता. मला सुरू करण्याआधी तिने कागदावर माझ्या डिस्कची आखणी केली. लग्नघरात कोठीची खोली वेगळी आणि पाहुण्यांची वेगळी असते, तसे तिने माझे भाग पाडले. एक माझ्या स्वतःच्या कारभाराला, एक नोंदींना आणि सगळ्यांत मोठा माणसांच्या कामाला. त्या मोठ्या भागात प्रत्येकाला मर्यादाही घालून दिली. एकाने पसारा मांडला तरी दुसऱ्याची जागा जाऊ नये! मी तर हरखून गेलो होतो.

एकाच नावापुढे तिने मर्यादा लिहिली नाही. ते नाव मंडळाचे सचिव दिनकरराव यांचे. लहानपणी तिला मराठी वाचायला त्यांनी शिकवले, ही नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळाली. "काकांना कसं म्हणणार, बस, आता पुरे?" असे पुटपुटत तिने तो रकाना मोकळा सोडला.

काकांनी मंडळाच्या जुन्या नाटकांच्या कॅसेटी माझ्यात उतरवायला घेतल्या. जपून राहावे म्हणून एकेक नाटक तीन-तीनदा. पंगतीत आग्रह व्हावा आणि नको म्हणता येऊ नये, तशी माझी गत झाली. जागा संपत आल्याचा इशारा मी निवेदिताच्या पडद्यावर दिला. तिने तो वाचला. मंडळाचा कार्यक्रम पार पडू दे, मग बोलू, असे म्हणून बंद केला.

आणि तन्वीने सेव्हचे बटण दाबले.

माधवगंजातल्या देवळांची चित्रे ही पोर रोज खोलीत येऊन कॉम्प्युटरवर कितीतरी महिने रंगवत होती. डिझाइन कॉलेजच्या प्रवेशासाठी दुसऱ्या दिवशी ती पाठवायची होती. सगळी चित्रे एकाच फाइलमध्ये, घरी कॉम्प्युटर नाही, दुसरी प्रत नाही. मला शिकवले होते त्याप्रमाणे मी आधी जुनी फाइल रिकामी केली आणि नवी लिहायला गेलो, तर मोकळी झालेली जागाही काकांच्या उतरत्या नाटकाने गिळली होती, तसूभर उरली नव्हती. मित्रांनो, हे माझ्या हातून झाले. सांगितले तसे केले, हा बहाणा मला स्वतःलाच पटत नाही.

"ताई, फाइल खाली दिखा रही है! सब गया!" तन्वी रडू लागली. निवेदिताने खूप शोधले, पण काही सापडले नाही. आवाज ऐकून दिनकरराव आले.

"मशीनच बूढी झाली गं. बदलून टाकू, तू चिंता नको करू."

निवेदिताने होकारार्थी मान हलवली. मला भंगारात धाडले असते, तर सगळेच सुटले असते. खरे सांगतो, ती शिक्षा मला रास्तच वाटली. पण तन्वीने डोळे पुसून कोऱ्या पडद्यावर पहिल्या देवळाचा कळस काढायला घेतला आणि निवेदिताला ते बघवेना.

"काका, मशीनची गलती नाही. तुमच्या नाटकांनी जागा भरली. सगळ्यांना मर्यादा घातली, तुम्हाला नाही घातली. माझी हिम्मतच नाही झाली."

दिनकरराव स्टुलावर बसले.

"मला मालूमच नव्हतं गं. एकदा सांगून तर बघायचं होतंस. मी इतका वाईट आहे का?"

निवेदिताला हुंदका आवरला नाही. जास्तीच्या प्रती काकांनी स्वतः पुसल्या आणि तन्वीइतकीच मर्यादा आपल्यालाही लावून घेतली. पण चित्रे काही परत आली नाहीत. तन्वीचा या वर्षीचा प्रवेश हुकला.

मित्रांनो, ज्यांना मान देता, त्यांना खरे सांगायला भिऊ नका. तुमच्या भिडेची किंमत तिसरेच कुणी मोजते. तन्वी अजून रोज येते, नव्याने देवळे रंगवते. सेव्ह करताना मात्र तिचे बोट बटणावर थबकते आणि ती माझ्या कपाटाकडे बघते.