हुळू किती?

मी तापट माणूस. उभा जन्म रिसाल्यात घोडे सांभाळले आणि घरातल्यांनाही त्याच सुरात हाका मारल्या. बायको भागीरथी जिवंत होती तोवर हसण्यावारी न्यायची. ती गेल्यावर मी मधमाश्या पाळायला लागलो. त्यांच्यावर ओरडून उपयोग नसतो, एवढं तरी मला कळत होतं.

सात वर्षांपूर्वी माझ्याकडे सहा पेट्या होत्या. दर अमावास्येला पेटी उघडायची, किती चौकटींवर माश्या आहेत ते मोजायचं आणि आकडा मोडीत वहीत टाकायचा. कन्नडात मधमाशीला जेनहुळू म्हणतात. आम्ही म्हैसूरचे मराठे, आमचं निम्मं बोलणं कन्नडच. बोलता बोलता त्यातला ‘जेन’ गळाला आणि आमच्या घरात नुसतं ‘हुळू’ उरलं. वहीतही तेच लिहायचो. ‘आषाढ, हुळू चार. श्रावण, हुळू तीन.’ पावसाळ्यात फुलं नसतात, आकडा उतरायचाच. पण दर वर्षी तो आधीपेक्षा जास्त उतरत गेला आणि एकेक पेटी रिकामी झाली. यंदा एकच राहिली होती, भागीरथीनं लावलेल्या चिकूखालची. ती तेवढी जगावी, दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

ज्येष्ठाची अमावास्या मी स्वतः टिपली. चार चौकटी भरलेल्या होत्या. दोनच दिवसांनी विहिरीच्या पायरीवरून घसरलो आणि मांडीचं हाड मोडलं. वैद्यानं नवरात्रापर्यंत खाटेवरून हलू नका म्हणून बजावलं. मुलगा शंभू बंगळूरला नोकरीला. घरात मी आणि त्याची नवी बायको तुळसी, तलकाडकडची.

आषाढी अमावास्येला चौकट कशी उचलायची ते तुळसीला समजावलं आणि धाडलं. तोंडाला पदर गुंडाळून गेली बिचारी, घामाघूम होऊन परत आली.

“हुळू किती चौकटींवर?”

“दोनवर, मामंजी. पण ते जेनू आहेत ना, ते...”

“विचारलं तेवढंच सांग!”

मी वहीत दोन लिहिलं.

श्रावणात ती म्हणाली तीन. भाद्रपदात म्हणाली पाच. मी मागची सगळी पानं चाळली. सात वर्षांत पावसाळ्यात आकडा एकदाही चढला नव्हता. शहाण्या माणसाला तिथंच शंका आली असती. मी मात्र शंभूला पत्र घातलं की आपली माशी आता पावसालाही हटत नाही. तुळसीला म्हटलं, “फार छान चाललंय.” ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नव्या सुनेनं सासऱ्याला वेडा तरी कसं म्हणावं!

खंडेनवमीला घरातल्या तलवारीची पूजा झाली. मग शेवंतीची एक माळ घेतली आणि काठी टेकत चिकूखाली गेलो. यंदा पेटीचीही पूजा करायची, असं मी खाटेवर पडल्या पडल्या ठरवलं होतं. पेटीला कान लावला. आत कसलाच आवाज नव्हता. झाकण काढलं तर सगळीकडे जाळी आणि पोखरलेलं मेण. तळाशी मूठभर वाळलेल्या माश्या.

“तुळसी! हुळू कुठं आहेत?”

ती धावत आली. “अय्यो, हे काय, नोडी, बघा मामंजी. पाची चौकटींवर आहेत की. केवढे झालेत!”

तिचं बोट मेण खाणाऱ्या जाड्या पांढऱ्या अळ्यांवर होतं. तिच्या माहेरी हुळू म्हणजे अळी. माशीला ती जेनू म्हणते.

“आणि... जेनू?”

“आषाढात थोडे होते. तेच सांगत होते तुम्हाला. नंतर कमी कमी होत गेले. भाद्रपदात एक पण नव्हता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाही, मामंजी.”

संताप तर आला. पण ओरडायचं कुणावर? दोन, तीन, पाच. तीन महिने मी माझ्याच हातानं अळ्यांची भरभराट लिहून ठेवली होती आणि वर शंभूला कळवलीही होती. आषाढात तिला वाक्य पुरं करू दिलं असतं, तर धूर देऊन, सडक्या चौकटी काढून बाकीच्या दोन तरी वाचवल्या असत्या. रडू आलं. सुनेसमोर आलं.

माळ अजून माझ्या हातातच होती. ती पेटीला घालायची का, हे तुळसी विचारू बघत होती. ते तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. पण मी काय विचारतो त्याची वाट बघत ती खाली मान घालून उभी राहिली.