वडाच्या फलकावरची पाचवी ओळ

अधीक्षकांच्या कचेरीत वडाची पहिली पारंबी सोमवारी सकाळी साडेदहाला उतरली. वड कचेरीपासून सहाशे पावलांवर होता, मध्ये कमळांचं तळं आणि ताडांची दुहेरी रांग होती, आणि कचेरीचं छत सिमेंटचं होतं. छताला साधा तडाही गेला नव्हता. पारंबी टेबलाच्या वर हातभर लोंबत राहिली आणि कारखानीस साहेबांनी तिच्याकडे कानाडोळा करून सगळ्या सह्या उरकल्या.

बुधवारपर्यंत पारंब्या चौदा झाल्या. शिवाय कचेरी लांबत चालली होती. दारापासून टेबलापर्यंत पूर्वी सात पावलं पडायची, आता चाळीस पडत. शिपाई चहा घेऊन निघे तो टेबलाशी पोचेपर्यंत चहावर साय धरलेली असे. साहेबांनी बांधकाम खात्याला पत्र पाठवलं. खात्याचं उत्तर आलं की, लांबीविषयीच्या तक्रारी फक्त रस्त्यांच्या घेतल्या जातात.

मग त्यांनी वेणूबाईंना बोलावलं. शहराच्या त्या अवाढव्य वनस्पती उद्यानात पारंब्यांना वळण लावणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. काम सोपं दिसतं, पण नसतं. बांबू उभा चिरायचा, आत माती आणि शेणखत भरायचं, कोवळी पारंबी आत सोडायची आणि वरून काथ्याने बांधून टाकायचं. पारंबी ओलाव्याच्या मागे जाते. नळी जिकडे न्याल तिकडे ती येते, जमिनीला टेकते, आणि काही वर्षांत तिचा खांब होतो. उद्यानाच्या वडाला असे चारशे अकरा खांब होते. त्यातले निम्मे वेणूबाईंच्या नवऱ्याने, धर्मा ठोंबरेने, उतरवलेले.

अकरा वर्षांपूर्वी उद्यानाची शताब्दी झाली. साहेबांना समारंभाचा मांडव बरोबर वडाच्या मधोमध हवा होता, आणि मधोमध वडाचं मूळ खोड होतं. आठ माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं, आणि ठणठणीत. साहेबांनी ते कापून घेतलं. धर्माने करवतीला हात लावायला नकार दिला, एवढाच त्याचा गुन्हा. वड काही मेला नाही, तो पारंब्यांच्या खांबांवर जगला. पण लोक विचारू लागले, की खोड कुठं गेलं? तेव्हा साहेबांनी हिरवा फलक लावला, 'वडाविषयी मनोरंजक माहिती', एकूण सात ओळी. पाचवी ओळ अशी होती: 'धर्मा ठोंबरे या माळ्याच्या हलगर्जीपणामुळे मूळ खोडास बुरशी लागून ते नष्ट झाले.'

फलकासमोर पहिल्यांदा आली ती एका शाळेची चौथीची सहल. बाईंनी एकेक ओळ एकेका मुलीला मोठ्याने वाचायला दिली. पाचवी बकुळाच्या वाट्याला आली. बकुळा म्हणजे वेणूबाईंची आणि धर्माची मुलगी. तिने ती ओळ अगदी स्वच्छ वाचली, कारण बापानेच रोज संध्याकाळी समोर बसवून तिचं वाचन घोटून घेतलं होतं. त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नाही. तीन वर्षांनी धर्मा गेला, तेव्हाही नाही. "छापलेलं खोटं कसं असेल?" एवढंच म्हणायची. आता ती एकवीस वर्षांची होती, दुसऱ्या शहरात नोकरीला. दर रविवारी आईला फोन करी आणि बापाचा विषय निघाला की फोन ठेवी.

वेणूबाईंना अकरा वर्षं एकच हवं होतं. या माणसाने स्वतःच्या तोंडाने बकुळाला खरं सांगावं, आणि मग त्याचं वाटोळं व्हावं. क्रम हाच हवा होता.

"या पारंब्या बाहेर काढा," साहेब म्हणाले.

"पारंबी बाहेर जात नाही साहेब. खाली जाते."

"मग मला अडचण होणार नाही अशा बेताने खाली न्या."

"बघते."

वेणूबाईंनी बघितलं. चौदा नळ्या आणल्या, त्यात जुनं, मुरलेलं खत ठासलं, आणि चौदाही नळ्यांची तोंडं साहेबांच्या खुर्चीकडे वळवली. साहेब फाइल वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "छान."

शुक्रवारी पारंब्या त्यांच्या बुटांत शिरल्या. दुपारच्या जेवणापर्यंत गुडघ्यापर्यंत साल चढली, राखाडी, खरबरीत, अस्सल वडाची.

"वेणूबाई, हे काय चाललंय?"

"वडाला खोड नाही साहेब. अकरा वर्षं शोधतोय बिचारा."

"अहो, मी अधीक्षक आहे."

"हो साहेब."

वेणूबाईंना फार बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवावं तसं वाटलं. त्यांनी नळ्यांना आणखी एकदा पाणी घातलं.

शनिवारी कचेरी इतकी लांबली की दार मुठीएवढं दिसू लागलं, आणि ती का लांबत होती तेही कळलं. रांगेला जागा हवी होती. फलक वाचून गेलेली सगळी माणसं आत येत होती, शेवटी वाचणारी सगळ्यांत पुढे. ज्या वयात वाचलं त्याच वयाची होऊन आली होती. सगळ्यांत पुढे एक नवं जोडपं होतं, कालच वडाखाली फोटो काढून गेलेलं.

"पाचवी ओळ खरी आहे का?" बाईने विचारलं.

"फलकावर आहे तेच," साहेब म्हणाले, आणि साल वीतभर वर चढली.

त्यांच्यामागे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनीही तेच विचारलं, साहेबांनी तेच सांगितलं, आणि साल कमरेला आली. तिसऱ्या वेळी छातीला लागली तेव्हा साहेब शहाणे झाले. "खोड निरोगी होतं," ते म्हणाले. "मला मांडवाला जागा हवी होती. मी कापलं. धर्मा ठोंबरेचा दोष नाही." साल थांबली नाही, पण खसखशीएवढीच सरकली. विचारणाऱ्याने मान हलवली आणि तो मागच्या पारंब्यांतून निघून गेला.

असं दुपारभर चाललं. वेणूबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. नवऱ्याचं नाव त्या माणसाच्या तोंडून दोनशे वेळा ऐकलं तरी त्यांचं समाधान होईना. मध्येच जाऊन पुन्हा पाणी घालून आल्या.

मग रांगेचं टोक दिसलं. टोकाला निळा फ्रॉक होता, लाल रिबिनी होत्या, आणि गळ्यात पाण्याची बाटली. पाचवी ओळ सगळ्यांत आधी वाचली म्हणून बकुळा सगळ्यांत शेवटी होती.

वेणूबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साल कॉलरला भिडली होती. मध्ये अजून साठेक माणसं होती. काथ्या तोडून वेणूबाई नळ्या सोडवू लागल्या, पण बांबू आतून फुटून गेले होते आणि पारंब्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या.

"माझ्या पोरीला पुढं येऊ द्या हो," त्या रांगेला म्हणाल्या. "एवढी एकच."

"आम्हीही सकाळपासून उभ्या आहोत," एक शिक्षिका म्हणाली आणि तिने मुलींना एकमेकींचे हात धरायला सांगितलं.

"थोडक्यात सांगा साहेब," वेणूबाई म्हणाल्या. "जपून सांगा."

साहेबांनी वाक्य आखडलं. "मी कापलं, धर्माने नाही." मग "मी कापलं." मग नुसतंच "मी." साल हनुवटीवर आली. वेणूबाईंनी साहेबांच्या खालच्या ओठाखाली दोन्ही हातांची बोटं घातली आणि साल दाबून धरली. ती त्यांच्या नखांवर चढू लागली. त्यांनी हात काढले नाहीत. अकरा वर्षं ज्या तोंडात माती पडावी म्हणून त्या झुरल्या, तेच तोंड त्या आता उघडं धरून होत्या, आणि त्यांना रडू फुटलं.

रांग संपली. बकुळा समोर येऊन उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं नाही.

"पाचवी ओळ खरी आहे का?" तिने स्वच्छ उच्चारात विचारलं.

साहेबांच्या तोंडाची एक फट उरली होती. वेणूबाईंनी सगळी ताकद लावून ती फाकवली. "बोल," त्या म्हणाल्या. "बोल रे, तुझ्या पाया पडते."

आत जिभेच्या जागी तांबूस, नुकतंच उलगडलेलं वडाचं पान होतं. ते हलत होतं. त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचायला बकुळा पुढे वाकली.