शनिवारचा हॉल

वामन गेल्याच्या पाचव्या दिवशी शिवराम भेटायला आला. चपला बाहेर काढून तो चटईवर बसला.

वामनची मुलगी भाविका भिंतीला टेकून बसली होती. आलेल्या प्रत्येकाला कसं झालं ते सांगायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि आता ते तिला तोंडपाठ झालं होतं. सकाळी अंघोळीला गेले. उशीर झाला म्हणून दार वाजवलं. मग शेजाऱ्यांनी दार तोडलं. इथे समोरचा माणूस मान हलवायचा, ती हलवून झाली की भाविका पुढचं सांगायची. शिवरामनेही तिथेच मान हलवली.

मग तो तिच्या आईकडे, पुतळाकडे वळला. "वयनी, तेराव्याला मला येता येनार नाय, म्हनून आज आलो. पुढल्या शनवारी आमच्या पोराची हलद हाय. मैदानात मांडवाला परवानगी नाय भेटली. मंग हॉललाच ठेवली."

"कंच्या हॉलला?"

"आपल्याच. गावकीच्या."

पुतळाने पदर सावरला. "यांचा तेरावा पन तिथंच हाय. शनवारीच."

शिवरामने खिशातून मोबाइल काढून मेसेज दाखवला. भाविकाने तिचा दाखवला. दोन्हींत तीच तारीख होती आणि दोन्हींत 'आपले बुकिंग निश्चित झाले आहे' असं होतं. ते वाक्य भाविकानेच लिहिलेलं होतं.

ती महाप्याच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायची. सारसोळ्याच्या या हॉलची साइट तिने दोन वर्षांपूर्वी एका शनिवार-रविवारात उभी केली होती, कारण वामन हॉलच्या कमिटीचा सेक्रेटरी होता आणि त्याला हौस होती. भरलेल्या तारखा लाल, मोकळ्या हिरव्या. लाल तारखेवर बोट ठेवलं तर काहीच व्हायचं नाही. वामन शेजारी बसून सारखा लाल तारखांवर बोट ठेवून बघत होता.

"काका, बुधवारी तुमच्याकडे कोणी भरलं हे?" भाविकाने विचारलं.

"आमच्या पोरीनं, जागृतीनं. सकाळी उघडून ठेवलेलं. भटजी दुपारपर्यंत फोन उचलत नव्हते. ते हो म्हनले तवा बटन दाबलं."

"मी मधल्या वेळात भरलं."

"मंग तिला लाल दिसाया पायजे ना?"

"तिच्या मोबाइलवर सकाळचंच पान होतं. त्यात हिरवंच दिसणार. बटण दाबल्यावर मशीनने पुन्हा बघायला पाहिजे होतं, तारीख अजून मोकळी आहे का. ते बघत नाही. आलं की लिहून घेतं."

"का नाय बघत?"

"मी ते केलंच नव्हतं. नंतर करायचं होतं."

हे सांगताना आपला आवाज मघासारखाच येतोय, हे तिच्या लक्षात आलं. दार तोडलं, आणि नंतर करायचं होतं. ऑफिसात नव्या मुलांना ती हेच पहिलं शिकवायची. समोरच्या पानावरची तपासणी लोकांच्या सोयीसाठी असते, खरी तपासणी आपल्या बाजूला ठेवायची. त्यावर तिला काही वाटायला हवं होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. पंख्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी हरेश आला. तो कमिटीचा अध्यक्ष, आणि वामनच्या हाताखाली वाढलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हे आधी पन झालंय," तो म्हणाला. "तीन-चार वेळा तरी."

"मला कोणी सांगितलं नाही."

"वामनकाका सांगू देत नवते. बुकिंग आलं की ते स्वतः बसून बघायचे. दोन आली की दोघांना फोन करायचे, एकाला पुढची तारीख घ्यायला लावायचे. मी म्हनलो, भाविकाला सांगा, ती नीट करून देईल. तर बोलले, पोरगी दिवसभर तेच करते, घरी आल्यावर पन तेच कशाला."

पुतळा आतल्या खोलीत गेली. भाविका हरेशकडे बघत राहिली. "बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लॅपटॉप उघडला. सोमवारी वामन गेल्यानंतर प्रथमच. सर्व्हरवर तारीख पुन्हा तपासायचं काम फार नव्हतं. चहा गार व्हायच्या आत झालं. मग तिने दोन खिडक्यांत तेच पान उघडलं, दोन्हींत एकच तारीख निवडली. पहिली गेली. दुसरीवर 'तारीख भरलेली आहे' अशी लाल अक्षरं आली. तिने ते चार वेळा करून बघितलं. चौथ्यांदा कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी शिवरामची बायको सगुणा घरी आली. बरोबर तिची सासूही होती. म्हातारी दारातच थांबली.

"सुतकाच्या जागेत हलद लावायची?" ती म्हणाली. "आमच्यात नाय चालत."

"आत्या, तेराव्याला सुतक सुटतं," सगुणा म्हणाली.

"हॉल तुमी घ्या," पुतळा म्हणाली. "आमी गल्लीत मांडव घालू."

"गल्लीत कुठं, वयनी? गाड्या लागल्यात दोनी बाजूंना." सगुणा खाली बसली आणि तिने पुतळाचा हात धरला. "तुमचं जेवन दुपारचं. आमची हलद रात्री. वामनदादाची शेवटची पंगत उठल्याबिगर आमचा बाजा वाजनार नाय. आत्याला काय बोलायचं ते बोलू द्या."

म्हातारी काहीतरी पुटपुटली, पण परत फिरली नाही. थोड्या वेळाने ती आत येऊन बसली.

शनिवारी हॉलच्या एका टोकाला वामनचा फोटो ठेवला होता आणि दुसऱ्या टोकाला डेकोरेशनवाले शिडी लावून होते. वेळ कमी म्हणून त्यांना थांबवता येत नव्हतं. लोक जेवत होते आणि त्यांच्या डोक्यावर पिवळे कपडे ताणले जात होते. भाविका भात वाढत होती. एकाने विचारलं, "हे कशाला?" तिने सांगितलं. पुढच्याने विचारलं, त्यालाही सांगितलं. तळोज्याहून आलेला एक मामा चिडला, मग श्रीखंड वाढल्यावर गप्प बसला.

जागृती एका खांबाशी उभी होती, अंगावर घरचाच ड्रेस. भाविका जवळून जाताना ती म्हणाली, "ताई, माझ्यामुळेच झालं ना? मी पान रिफ्रेश करायला पाहिजे होतं."

"नाही गं. तुला कसं कळणार? ते माझ्याकडे होतं."

"सॉरी."

"भात घेतेस का?"

जागृती गोंधळली, मग पत्रावळ घेऊन पंगतीत बसली. तिच्या घरच्यांपैकी आणखी दोघं-तिघं बसले.

शेवटची पंगत उठली. हरेशने फरशी धुऊन घेतली. मायलेकी फोटो घेऊन घरी आल्या. पुतळाने तो कपाटावर ठेवला, मग खाली घेतला, मग पुन्हा वर ठेवला.

अंधार पडल्यावर हॉलकडून स्पीकर सुरू झाला. आधी नुसता ठोका, मग गाणं. खिडकीची काच हलायला लागली.

"बंद करू?" भाविकाने विचारलं.

"नको. गरम होतं."

दोघी पलंगावर बसल्या. समोरच्या बिल्डिंगमधलं कोणीतरी गॅलरीत येऊन बघत होतं.

"काय ठेवलंय त्यांनी जेवनात?" पुतळाने विचारलं.

"माहीत नाही. विचारलं नाही."

"विचारायला पायजे होतं," पुतळा म्हणाली, आणि आडवी झाली.