अपडेट होईपर्यंत

कॅन्टीनच्या बाकावर बसून दुर्गाने फोन उघडला, तेव्हा घरी खाटेवर पडलेली तिची आई कॅमेऱ्याकडे बघून कोणाशी तरी बोलत होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दुर्गाने इअरफोन कानात घट्ट दाबले.

"भास्कर, तू का रे?" आई विचारत होती.

क्षणभर नुसती खरखर झाली. मग एका पुरुषाचा आवाज आला, "हाँ माँ, भास्कर. दरवाज़ा खुला है क्या?"

भास्कर हा दुर्गाचा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी तापाने गेला. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईला, पुतळाबाईंना, ते आठवत नसे. दुर्गाने त्यांना धुळ्याहून अथाल गावातल्या चाळीत आणलं होतं आणि गलोंड्याच्या धागा कंपनीत कामावर असताना लक्ष राहावं म्हणून हा कॅमेरा लावला होता.

सुपरवायझरला कसंबसं सांगून ती रिक्षात बसली. शेजारच्या केसरबाई फोन उचलत नव्हत्या. आईला पाणी द्यायला त्यांना येता यावं म्हणून दुर्गा दाराला नुसती कडी घालून जाई, कुलूप लावत नसे. रस्ताभर ती फोनमध्ये त्या दाराकडेच बघत होती.

ती घरी पोचली, तेव्हा कोणी आलेलं नव्हतं. आवाजही थांबला होता. तिने कॅमेऱ्याचा प्लग उपटला आणि नेट जोडून देणाऱ्या ललितला बोलावलं.

ललितने लॅपटॉप जोडून पाहिलं. "ताई, हा रूटर लावल्यापासून एकदा पण अपडेट नाय केलेला. याच्या आतला प्रोग्राम, फर्मवेअर म्हणतात त्याला, तो जुना झाला की त्यात भोक सापडतं. तिथूनच कोणीतरी कॅमेऱ्यात घुसला."

कॅमेरा काढूनच टाकावा, असं दुर्गाला वाटलं. पण मग नोकरी सोडावी लागली असती.

अपडेट सुरू झाला. लाल दिवा लुकलुकू लागला. मध्येच वीज तुटली तर रूटर कायमचा बंद पडेल, कोणी हात लावू नका, असं ललितने बजावलं. तेवढ्यात पुतळाबाईंनी खाटेशेजारी लोंबणारी रूटरची वायर चांगल्या हाताने धरली.

"भास्करला घालवता का?"

ओढाताण केली असती तर प्लग निघाला असता. दुर्गा खाटेवर बसली आणि तिने आईच्या मुठीवर हात ठेवला.

"माय, तो भास्कर नव्हता."

"मंग कोन व्हता?"

दुर्गा त्या मुठीवर नुसता हात फिरवत राहिली. दिवा हिरवा झाला तेव्हाही मूठ सुटलेली नव्हती.

ललितने रूटरचा आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला. निघताना त्याने दाखवलं, की फोनवरचं माइकचं बटण दाबलं की कॅमेऱ्यातून बोलता येतं. दुर्गाला ते आजवर ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ते दाबलं.

"माय."

पुतळाबाईंनी मान उचलली. चेहरा उजळला. "भास्कर?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही माय. मी दुर्गा."

पुतळाबाईंनी मान पुन्हा उशीवर टेकवली.

"जेवली का तू?" मग त्यांनी विचारलं.

डबा अजून तसाच होता. "जेवतेय," दुर्गा म्हणाली.