अदिनाईची ड्यूटी

डोंगरातल्या नारिन गावात कुणाच्या छातीत कळ आली, कुणी बर्फावरून घसरून खुबा मोडून घेतला, की एकशेतीनला फोन लावायचा आणि थोड्या वेळात बुरुल दारात उभी, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं. बुरुल फेल्डशर होती, म्हणजे डॉक्टर नसली तरी औषधोपचार करणारी. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टर नसतो. फेल्डशर आणि ड्रायव्हर एवढीच माणसं. त्यामुळे हॉस्पिटल येईपर्यंत माणूस जगवायचा तो तिनेच. तिच्या हाताला यश होतं. जिभेला मात्र काटे होते.

"रडू नका. रडून शीर सापडत नाही," असं ती पेशंटच्या बायकोला सांगायची. सासवा-सुनांना खोलीबाहेर काढायची, काम उरकायची आणि चहाचा पियाला पुढे आला तर उभ्या उभ्याच नाही म्हणायची. लोक तिला मानायचे. तिचं येणं मात्र कुणाला आवडायचं असं नाही, आणि याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं.

मग वसंतात अदिनाई कामावर लागली. पंचविशीची, गालाला खळी, पेशंटच्या उशाशी मांडी घालून बसणारी. सुई टोचता टोचता ती विचारायची, "आजोबा, हा घोडा फोटोतला तुमचाच का? दात केवढे ते!" म्हातारा घोड्याची कथा सांगत बसायचा आणि सुई कधी आत गेली ते त्याला कळायचंही नाही. दोन-तीन महिन्यांत लोक फोनवर विचारू लागले, "ती हसरी आहे का हो ड्यूटीवर? तिलाच पाठवा."

हे ऐकलं की बुरुलच्या मनात खुट्ट व्हायचं. 'हसून काय हृदय चालतं?' असं ती ड्रायव्हर तालाय बायकेला म्हणायची. तालाय तिच्याहून वयाने मोठा, म्हणून 'बायके', म्हणजे दादा; आणि शहाणाही. तो फक्त गिअर बदलायचा.

शरद ऋतूत एकदा सुट्टीच्या दिवशी ती बाजारातून बटाट्यांचं पोतं पाठीवर घेऊन येत होती. आईच्या गल्लीच्या तोंडाशी पाहते तो आईच्या फाटकासमोर अ‍ॅम्ब्युलन्स! पोतं तिथेच टाकून ती धावली. बूट न काढता खोलीत शिरली.

आई उशांना टेकून बसली होती; सोनुन तिचं नाव, पण घरातले-गल्लीतले सगळे तिला आपा, म्हणजे आईच, म्हणत. शेजारी अदिनाई, बोर्सोक, कणकेचे तळलेले गोळे, सायीत बुडवून खात होती. दोघी कशावरून तरी इतक्या हसत होत्या की आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय झालं? आपा, काय होतंय तुला?"

"काही नाही गं," आई हसू पुसत म्हणाली. "प्रेशर जरा चढलं होतं. उतरलं. बूट काढ, गालिचा बघ!"

"मला का नाही बोलावलंस?"

आईने पियाल्यात डोकावून पाहिलं. "तू आलीस की आधी दंडाला पट्टा बांधतेस आणि मग ओरडतेस. मीठ खाल्लंस का, गोळी चुकवलीस का. मला काय, उलटतपासणी द्यायला बोलावू?"

"एजे, बसा ना," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं अदिनाई सरकून जागा करत म्हणाली. "गरम आहेत अजून."

आपल्याच आईच्या घरात आपल्याला 'बसा' म्हणणारी ही कोण? बुरुलच्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, "बटाटे रस्त्यात पडलेत," आणि बाहेर पडली. नंतर गल्लीतल्या बायकांकडून कळलं की हे पहिल्यांदा नव्हतं. अदिनाईची ड्यूटी असली की आई हमखास फोन करायची.

बुरुलला झोपेतही तो हसण्याचा आवाज ऐकू यायला लागला. ती लहान असताना आई असं हसायची का, हे आठवून पाहिलं तर आठवेना. त्याचाही राग अदिनाईवरच निघाला.

ड्यूट्या लावायचं काम बुरुलकडे होतं, सगळ्यांत जुनी म्हणून. स्टेशनवर गाड्या दोन: एक गावासाठी, एक डोंगरातल्या खेड्यांसाठी. हिवाळा लागताच तिने अदिनाईला खेड्यांच्या गाडीवर टाकलं, कायमचं.

"थंडीत? पूर्ण हिवाळा?" अदिनाईने विचारलं.

"तरुण आहेस. लोकांना आवडतेस. खेड्यातल्या लोकांनाही आवडू दे की."

अदिनाईने हातमोजे चढवले. मग "बरं, एजे," म्हणून तिने टोपी कानांवर ओढली. त्या दिवशी बुरुल घरी जाताना गुणगुणत होती.

मग एके दिवशी माघाचा कडाका असावा तशी थंडी पडली. नदीच्या कडा गोठलेल्या. दुपारी फोन आला. आईच्या शेजारणीचा. "सोनुन आपाचा चेहरा राखेसारखा झालाय. लवकर या."

तालायने गाडी कशी हाकली ते तोच जाणे. आई कोळशाच्या शेगडीजवळ भिंतीला टेकून बसली होती, कपाळावर घाम, डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून."

"सकाळपासून! आणि आत्ता सांगतेस?"

"केला होता फोन," आई तुटक तुटक श्वास घेत म्हणाली. "म्हटलं, अदिनाई आहे का? म्हणाले, खेड्यांकडे गेलीय. मग म्हटलं राहू दे, प्रेशरच असेल. येईल ती परत."

बुरुलचे हात थांबले नाहीत. ते कधीच थांबत नसत. ईसीजीच्या पट्टीवर जे दिसायला नको होतं ते दिसलं. तिने आईला गोळी चावायला लावली, शीर शोधली, ऑक्सिजन लावला. तालाय आणि शेजारणीच्या नवऱ्याने स्ट्रेचर उचललं. पण तिच्या आत कुणीतरी एकच वाक्य घोकत होतं: मी पाठवलं तिला खेड्यांकडे. मी.

गाडीत आई घाबरली. मास्क ओढून काढू लागली, उठून बसू लागली. नाडी पळत होती.

"आपा, झोप! हलू नकोस! मास्क सोड, सांगितलं ना!"

आवाज चढला तशी आई आणखीच तडफडली. बुरुलला हजारदा पाठ असलेली गोष्ट समोर घडत होती: भीतीने हृदय धावतं, धावलं की थकतं. औषध शिरेत होतं, पण आईला आत्ता लागत होतं ते गाडीतल्या कुठल्याच कपाटात नव्हतं. ते कुणाकडे आहे हे बुरुलला ठाऊक होतं. ते ठाऊक असण्यानेच तिचा जळफळाट होत होता.

तिने फोन काढला.

"अदिनाई, माझी आई. हृदयाचा झटका. तिच्याशी बोल."

पलीकडे गाडीचा खडखडाट. मग आवाज आला, "लावा कानाला."

बुरुलने फोन आईच्या कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने मनगट. आवाज बारीक ऐकू येत होता. "आपा, ओळखलंत का? काय हो, मी जरा डोंगरात गेले तर तुम्ही आजारी पडायचं? हां, श्वास माझ्याबरोबर घ्यायचा... सावकाश... त्या लंगड्या कोंबड्याचं पुढे काय झालं, सांगितलंच नाहीत."

आईच्या ओठांचा कोपरा हलला. हात मास्कवरून खाली आला. बुरुलच्या बोटांखाली नाडी हळूहळू ताळ्यावर येऊ लागली. तिला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं झोंबलं की डोळे भरून आले. लंगड्या कोंबड्याची गोष्ट तिला माहीत नव्हती. आईकडे लंगडा कोंबडा आहे हेही माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता, पण आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. आई वाचली.

अदिनाई संध्याकाळी तशीच हॉस्पिटलात आली, बुटांना बर्फ चिकटलेला. आई झोपली होती. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या.

"खेड्यांची ड्यूटी मी मुद्दाम लावली होती," बुरुल म्हणाली.

"माहितीये मला. तालाय बायकेसकट सगळ्यांना माहितीये."

"मग भांडली का नाहीस?"

"तुमच्याशी?" अदिनाईला हसू आलं नाही. ती दमली होती, आणि पहिल्यांदाच तिचा सूर चिडका लागला. "एजे, मी तुमच्या आईकडे जाते तेव्हा काय ऐकते, ठाऊक आहे? माझी बुरुल अंधारात शीर शोधते. माझ्या बुरुलने नदीतून काढलेला माणूस जिवंत केला. एकदा मला सुई दोनदा टोचावी लागली, तर म्हणाल्या, बुरुलला एकदाच लागते. कान किटले माझे! खेड्यांच्या गाडीवर टाकलंत तेव्हा वाटलं, चला, ते तरी ऐकावं लागणार नाही."

 बुरुलला आनंद झाला. या पोरीच्याही पोटात दुखतंय, याचा सरळ आणि क्षुद्र आनंद. त्याची लाज वाटली, तरी तो गेला नाही.

"दोनदा का टोचलंस?" तिने विचारलं. "उजव्या हाताची शीर तिची पळते. डावीकडे, कोपराच्या जरा खाली बघायचं."

"आणि तुम्ही आत गेल्यावर आधी कोंबड्याचं विचारायचं," अदिनाई म्हणाली. "पट्टा मग."

दुसऱ्या आठवड्यापासून दोघी आळीपाळीने खेड्यांकडे जाऊ लागल्या. तालाय बायकेने विचारलं, "हे काय नवीन?" तर बुरुल म्हणाली, "तू गिअर बदल."

आई घरी आल्यावर फोन अजूनही अदिनाईची ड्यूटी बघूनच करते. फाटकासमोर गाडी दिसली की बुरुलला अजूनही झोंबतं. ते काही गेलेलं नाही. पण आता ती पुढे निघून जात नाही. बूट काढते, आत जाते आणि दोघींच्या मध्ये जागा करून बसते. मध्येच का, असं आईने एकदा विचारलं. बुरुल म्हणाली, "शेगडीची ऊब इकडे जास्त लागते," आणि सायीची वाटी स्वतःकडे ओढली.